पोट पडल्यावर नोंदवही मिटू नका

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य,
आरोग्य भवन, मुंबई

विषय : वारंवार गर्भ जाणाऱ्या बायका, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आणि आमच्या सिस्टर



हे पत्र येडशीहून लिहिते आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरचं, धाराशिव तालुक्यातलं हे गाव. रामलिंगाचं देऊळ आणि तिथल्या माकडांमुळे आमचं थोडंफार नाव आहे. दवाखान्याच्या हिशेबात मात्र गाव वेगळ्या तऱ्हेनं मोजलं जातं : धाराशिव वीसेक किलोमीटर, बार्शी पस्तीसेक, लातूर त्याच्या जवळपास दुप्पट, सोलापूर ऐंशीच्या पुढे. घरात कुणाला दिवस गेले, की हे आकडे आपोआप तोंडावर येतात.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, दवाखान्याबाहेर बसलेल्या बायकांच्या हातातली कार्डं मी पाहिली आहेत. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतं. त्यातल्या काही कार्डांवर कारण म्हणून तीन अक्षरं असतात : बीओएच. म्हणजे आधीच्या बाळंतपणांचा इतिहास वाईट. एवढं लिहिलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं, बाईलासुद्धा. इतिहास वाईट का, हा प्रश्न त्या कार्डावर कुठेच नसतो. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

गावात अशा बाईबद्दल काय बोललं जातं ते आपल्याला ठाऊक असेलच. राहतं पण टिकत नाही. पोट धरत नाही. कुणी तरी काही तरी केलंय. मग येरमाळ्याच्या येडाईला नवस, तुळजापूरच्या फेऱ्या, बार्शीच्या एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, आणि तिसऱ्या वेळी पोट पडलं की सासरच्या बैठकीत हलक्या आवाजात दुसऱ्या लग्नाचा विषय. नवसाला माझी हरकत नाही. माणसाला टेकायला काही तरी लागतंच. पण या बायकांपैकी काहींच्या रक्तात एक सापडण्याजोगं आणि बऱ्याच अंशी आवरता येण्याजोगं कारण असतं, आणि ते शोधायला कुणी सांगत नाही, याला माझी हरकत आहे.

त्या कारणाचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून काही जण त्याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात. शरीराची संरक्षणव्यवस्था वाट चुकते आणि स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. त्यामुळे रक्तात नको तिथे गुठळी होते. पायाच्या शिरेत होते, फुप्फुसात होते, तरुण वयात मेंदूतही होऊन अर्धांगवायू येतो. गरोदरपणात या प्रतिपिंडांचा रोख वारेवर असतो. वार नीट रुजत नाही, तिच्यातला रक्तप्रवाह खुंटतो, बाळाला पोषण पोचत नाही. कधी पहिल्या तिमाहीत गर्भ जातो, कधी पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातच बाळाचे ठोके थांबतात, कधी आईचं बीपी एवढं चढतं की ३४ आठवड्यांच्या आतच बाळंतपण करावं लागतं. ज्यांचे गर्भ पुन्हापुन्हा जातात अशा बायकांमध्ये साधारण १५ टक्क्यांत ही प्रतिपिंडं सापडतात, असं ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतही वारंवार गर्भ जाण्यामागच्या रक्ताच्या कारणांवर संशोधन झालेलं आहे. म्हणजे हा परदेशातला आजार नाही. आपल्याच राज्यात त्याची चाचणी होते, उपचार होतात. परळला होतात आणि येडशीला त्याचं नावही पोचत नाही, एवढाच फरक.

उपचार अवघडही नाहीत. १९९७ मध्ये लंडनच्या डॉ. राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ९० बायकांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. नुसती कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ४२ टक्के बायकांच्या हाती जिवंत बाळ आलं. ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांत ७१ टक्के. ४२ आणि ७१ यांच्यामधलं अंतर हा ज्या बायकांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्यांना हा आकडा कुणी सांगितलेला नाही.

आता मुद्द्यावर येते. या आजाराचं निदान एका रक्ततपासणीवर होत नाही. प्रतिपिंडं एकदा सापडली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागतात, कारण साध्या तापानं किंवा एखाद्या संसर्गानंही ती काही काळ वर येऊन जातात. पूर्वी हे अंतर सहा आठवड्यांचं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांत ते वाढवलं गेलं. म्हणून ही तपासणी करण्याचा उत्तम काळ कोणता, तर दोन गरोदरपणांच्या मधला. गर्भ गेल्यानंतरचे महिने. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या व्यवस्थेत ती बाई कुठेच नसते. दिवस राहिले की नाव नोंदलं जातं, आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांक मिळतो, कार्ड मिळतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, आशाताई दारात येते. पोट पडलं, की ‘गर्भपात’ असा एक शब्द लिहून पान मिटतं. त्यानंतर ती फक्त पात्र जोडप्यांच्या यादीत उरते, आणि त्या यादीतून तिला एकच गोष्ट विचारली जाते : पाळणा लांबवायला काय वापरता? जिचे तीन गर्भ गेलेत तिला हा प्रश्न कसा लागत असेल, ते सोडा. पण तिला तपासायची सगळ्यात चांगली वेळ आपण या प्रश्नात घालवतो.

पुन्हा दिवस राहिले की ती परत नोंदवहीत येते, तीही बहुतेक वेळा दहा-बारा आठवडे उलटल्यावर. तोवर बराच उशीर झालेला असतो. ॲस्पिरिन लवकर सुरू झाली तर तिचा उपयोग. १६ आठवड्यांच्या आत तर हवीच. हेपॅरिन गर्भ राहिल्याची खात्री होताच सुरू करायची रीत आहे.

म्हणून माझं म्हणणं नर्सबाईंपासून सुरू होतं. डॉक्टर बदलून जातात. तालुक्याचे स्त्रीरोगतज्ज्ञ आज आहेत, उद्या नाहीत. पण उपकेंद्राच्या सिस्टर, आरोग्य सहायिका आणि आशाताई यांना त्या बाईचं पहिलं पोट कधी पडलं, दुसऱ्या वेळी सातवा लागल्यावर काय झालं, हे सगळं तोंडपाठ असतं. पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रात कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांच्यापासून लपत नाही. व्यवस्थेला त्या बाईचा इतिहास ठाऊक नाही, सिस्टरना मात्र आहे. फक्त त्या इतिहासाचा अर्थ काय, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. कुशल प्रसूती सेवेच्या प्रशिक्षणात रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण यांवर भर असतो आणि तो असायलाच हवा. बाया त्यानं मरतात. पण अर्धा दिवस या आजारालाही मिळायला हवा. त्या अर्ध्या दिवसात काय सांगायचं, त्याबद्दल थोडं लिहिते. रागावू नका.

पहिलं म्हणजे कुणाकडे संशयानं पाहायचं. ओळीनं तीन गर्भ दहा आठवड्यांच्या आत गेले असतील तर. दहा आठवड्यांनंतर एक जरी नीट वाढलेला गर्भ गेला असेल तर. वाढतं बीपी किंवा खुंटलेली वाढ यांमुळे ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण झालं असेल तर. तिला किंवा घरातल्या कुणाला तरुणपणी पायात गुठळी, अर्धांगवायू झाला असेल तर. ल्युपस हा संरक्षणव्यवस्थेचाच दुसरा आजार असेल तर. हे प्रश्न विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण विचारताना सासू खोलीबाहेर असावी लागते. पहिलं पोट लग्नाआधीचं असू शकतं, किंवा कुणाला न सांगता घेतलेल्या गोळ्यांचं असू शकतं. हे सिस्टरना मी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट व्हीडीआरएलची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. गरमीच्या आजारासाठी गरोदर बाईचं रक्त तपासतात ते आपल्याला ठाऊकच आहे. व्हीडीआरएल चाचणीत कार्डिओलिपिन नावाचा पदार्थ वापरतात, जो मुळात बैलाच्या हृदयातून काढला गेला. अँटिफॉस्फोलिपिड असलेल्या बाईच्या रक्तात याच कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडं असू शकतात. त्यामुळे तिला गरमी नसतानाही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येतं. पुढे काय होतं त्याची कल्पना करा. नवऱ्याला बोलावणं. घरात कुजबूज. बाईच्या चारित्र्यावर बोट. जो रिपोर्ट तिच्या आजाराचा पहिला धागा ठरला असता, तोच तिच्या कपाळावर डाग होऊन बसतो. सिस्टरना एवढंच ठाऊक हवं की व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलं तर टीपीएचए ही खात्रीची चाचणी केल्याशिवाय बाईला काही बोलायचं नाही, आणि टीपीएचए निगेटिव्ह आलं व मागे गर्भ गेलेले असले तर फाइल बंद न करता पुढे पाठवायची.

तिसरी गोष्ट निळ्या टोपणाच्या नळीची. ल्युपस अँटिकोॲग्युलंट ही या आजाराची सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि सगळ्यात लहरीसुद्धा. सायट्रेटच्या नळीत रक्त अगदी खुणेपर्यंत भरावं लागतं; कमी भरलं तर औषधाचं आणि रक्ताचं प्रमाण बिघडतं आणि रिपोर्ट चुकतो. रक्त काही तासांत दोनदा फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. हेपॅरिन सुरू झाल्यावर ही चाचणी गोंधळते, म्हणून सुई सुरू करण्याआधी रक्त घ्यायचं. येडशीहून घेतलेली नळी दुपारच्या एसटीनं पाठवली तर त्या रिपोर्टाला काही अर्थ उरत नाही. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालेलं आहे. तिथे आठवड्याचा एक दिवस ठरवून या चाचण्यांसाठी बाईलाच बोलावणं हा साधा मार्ग आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासण्या गरोदर बाईला मोफत आहेत. गर्भ गेलेल्या बाईलाही त्या मोफत व्हाव्यात अशी माझी विनंती आहे. नुकताच गर्भ गेलेल्या बाईकडे खासगी लॅबच्या पावतीसाठी पैसे नसतात, आणि असले तरी ते मागायची तिची हिंमत नसते.

सुईबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण प्रत्यक्षात सगळं तिथेच अडतं. हेपॅरिनचं इंजेक्शन रोज घ्यायचं असतं, जवळपास पूर्ण गरोदरपणभर आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे. रोज कोण देणार? रोज दवाखान्यात यायला बाईला जमत नाही, रोज तिच्या घरी जायला सिस्टरला जमत नाही. म्हणून बाईनं किंवा घरातल्या कुणी तरी शिकून घ्यावं लागतं, आणि शिकवायचं काम सिस्टरचं. पोटावर, बेंबीपासून दोन-तीन बोटं दूर, कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. तो तसाच राहू द्यायचा. दिल्यावर जागा चोळायची नाही, चोळली की काळंनिळं होतं. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. रिकामी सिरिंज जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून उपकेंद्रात परत. हे औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही, पण उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या पत्र्याच्या घरात काय होतं ते आपण जाणता. माठाच्या गारव्याशी एखादा डबा ठेवायचा की दुकानातला फ्रिज वापरायचा, ते आमच्या बायका स्वतःच ठरवतील. त्यांना फक्त सांगायला हवं.

बायका स्वतः सुई घेतील का, अशी शंका मुंबईत येईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना इंजेक्शन देणंही होतं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आमच्याच जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बायका शिकतात. शिकवणारं कुणी तरी भेटावं लागतं.

बाळंतपणाच्या रात्री एक प्रश्न सिस्टरच्या तोंडी असलाच पाहिजे : शेवटची सुई किती वाजता घेतली? सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन द्यायचं तर नेहमीच्या प्रतिबंधक मात्रेनंतर किमान १२ तास जावे लागतात, मोठी मात्रा असेल तर २४. बाई कळांनी बेजार असते, नवरा बाहेर असतो, कागद घरी राहिलेला असतो. वेळ कार्डावर रोज लिहायची सवय लावली असेल तर रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञाला फोनवर उत्तर देता येतं. आणि पाय. गरोदरपणात सगळ्यांचेच पाय सुजतात, म्हणून सूज पाहून कुणी घाबरत नाही. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, की मोजपट्टी काढायची आणि त्याच दिवशी पुढे पाठवायचं. गरोदरपणात गुठळी बहुतेक डाव्या पायात होते. अचानक धाप लागली तर तासाचाही उशीर नको.

गोळ्यांचं मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. बाळंतपणानंतर आशाताई कुटुंबनियोजनाच्या पिशवीतून माला-एन काढून देते. त्या गोळीत इस्ट्रोजेन असतं आणि इस्ट्रोजेननं रक्त गोठण्याची शक्यता वाढते. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असलेल्या बाईला ही गोळी देऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. ‘अंतरा’चं इंजेक्शनही सहसा टाळावं असं तेच निकष म्हणतात. तांबी चालते, निरोध चालतो. आठ-नऊ महिने रोज सुई घेऊन बाळ हाती आलेल्या बाईला सरकारी पिशवीतूनच गुठळीची गोळी मिळावी, यासारखी विचित्र गोष्ट नसेल. एका ओळीच्या सूचनेनं ती थांबते.

उलट बाजूही लिहायला हवी. प्रत्येक पोट पडण्यामागे हा आजार नसतो. पहिल्या तिमाहीत जाणारे बरेचसे गर्भ गुणसूत्रांच्या बिघाडानं जातात, त्यात आईचा काहीही दोष नसतो, आणि एकदा असं झालं म्हणून तपासण्यांची रांग लावायची गरज नसते. शहरांत दोन गर्भ गेले की रिपोर्ट न पाहता ‘गर्भ टिकवायला’ म्हणून सुया सुरू करायची पद्धत पडली आहे. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात, आनुवंशिक कारणानं रक्त गोठण्याची प्रवृत्ती असलेल्या आणि गर्भ जाणाऱ्या बायकांना हेपॅरिन देऊन काहीच फरक पडला नाही. सुई घेणाऱ्यांत ७२ टक्के, न घेणाऱ्यांत ७१ टक्के बायकांना जिवंत बाळ झालं. म्हणजे जिला उपयोग आहे तिला द्यायची, इतरांच्या पोटावर आणि खिशावर भोकं पाडायची नाहीत. एक सिरिंज बाजारात काहीशे रुपयांना मिळते. शेतमजुरी करणाऱ्या घरात त्या हिशेबानं दोन महिन्यांत सोनं गहाण पडतं. ‘दोन रिपोर्ट आले का, बारा आठवड्यांच्या अंतरानं?’ एवढं विचारू शकणारी सिस्टर त्या घराचं सोनंही वाचवेल.

आमच्या जिल्ह्यातून, विशेषतः वाशी, कळंब, भूमकडून, दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं ऊसतोडीला जातात. गरोदर बायकाही जातात. ॲस्पिरिनची पट्टी बरोबर नेता येते, हेपॅरिनचा महिन्याचा साठा आणि तो संपल्यावर पुढचा कुणी द्यायचा? आरसीएच क्रमांक राज्यभर चालतो म्हणतात. मग सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या कारखान्याच्या फडाजवळच्या आरोग्य केंद्रात तो क्रमांक सांगून तिला सिरिंज मिळायला काय अडचण आहे? एनॉक्सापॅरिन हा हेपॅरिनचाच प्रकार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते जिल्ह्याच्या ठिकाणी कपाटात राहिलं तर यादीचा आम्हाला उपयोग नाही.

सिस्टरवर आधीच काय काय लादलेलं आहे याची मला कल्पना आहे. लसीकरण, सर्वेक्षण, पोर्टल, बैठका, त्यात अनेक जणी कंत्राटी. त्यांच्यावर आणखी एक नोंदवही टाका असं म्हणायला मला लाज वाटते. म्हणून नवी वही मागत नाही. आहे त्याच नोंदीत गर्भ गेल्यावर पान मिटण्याऐवजी ‘पुढची भेट बारा आठवड्यांनी’ अशी तारीख आपोआप पडावी, त्या भेटीसाठी आशाताईला मोबदला मिळावा, आणि वर लिहिलेल्या लक्षणांची बाई सिस्टरच्या सहीनं थेट धाराशिवच्या स्त्री रुग्णालयात तपासणीसाठी जाऊ शकावी. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीसाठी तिला तीन हेलपाटे पडले तर ती चौथ्यांदा येणार नाही. प्रशिक्षण मराठीत व्हावं, जिल्हा प्रशिक्षण केंद्रात व्हावं, आणि इंग्रजी स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा रबरी पोटावर सुई द्यायला लावावी. हेपॅरिन सुरू असलेल्या बाईचं नाव असलेल्या प्रत्येक उपकेंद्रात तिच्यापुरता साठा ठेवावा.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर इथूनच : धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. येडशीच्या आरोग्य केंद्राखालच्या उपकेंद्रांतल्या मागच्या पाच वर्षांच्या नोंदी आधीच तिथे आहेत. ज्यांच्यापुढे बीओएच लिहिलं आहे त्या बायकांना पुन्हा भेटा, त्यांच्याशी बोला, रक्त घ्या. काम किती मोठं आहे ते त्यानंतर कळेल. त्याआधी खर्चाचा अंदाज मागू नये अशी विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,
येडशीची एक रहिवासी

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई
जिल्हा शल्यचिकित्सक, धाराशिव
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, धाराशिव
येडशी परिसरातल्या सर्व सिस्टर आणि आशाताई (यांनी कार्यवाहीची वाट न पाहता व्हीडीआरएलचा परिच्छेद आजच वाचावा)